बिनब्रेकचं यान

माझ्या यानाला ब्रेक नव्हता आणि मी तो बसवणारही नव्हतो.

बाबुरावाला हे मी तीनदा सांगितलं होतं. बाबुराव म्हणजे खोपटच्या एस.टी. डेपोसमोरच्या ‘तृप्ती व्हिडिओ गेम्स’चा मालक. आधी तिथं त्याचं तृप्ती उपाहारगृह होतं. ते बसल्यावर त्याने पाटीवरचं ‘उपाहारगृह’ पुसून तिथं ‘व्हिडिओ गेम्स’ रंगवून घेतलं, पण पाटीच्या कोपऱ्यात रंगवलेली मिसळीची बशी तशीच ठेवली. एस.टी.तून उतरलेली माणसं अजूनही आत डोकावून मिसळ आहे का विचारायची. आत पाच मशिनं होती. चार बाहेरून आलेली, रंगीत, मारामारीची आणि गाड्यांची. पाचवं माझं.

माझं म्हणजे विकत घेतलेलं नाही, मी बनवलेलं. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत आम्ही कंट्रोल पॅनेल बनवायचो. मी तिथं चौदा वर्षं टेस्टिंगला होतो. एका सोमवारी गेलो तर गेटाला सील. त्यानंतर आमच्यातले काही कोर्टात गेले, काही गावाला गेले, काही रिक्षा चालवायला लागले. मी घरात प्लायवूड कापायला लागलो. पडदा आमच्याच ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचा. बटणं कंट्रोल पॅनेलची, चांगली अंगठ्याएवढी: हिरवं इंजिनाचं, लाल गोळीचं. यान वळवायला प्रेस मशीनवरचा दांडा. आवाजासाठी दारावरची बेल लावली होती, त्यामुळे गोळी झाडली की बाजूच्या टेलरिंगच्या दुकानातला म्हातारा उठून दार उघडायचा. आणि आत एक चिप. वर्षभर वहीत आकडे लिहून, खोडून, पुन्हा लिहून तिच्यात बसवलेला खेळ. नाव ‘झुंज’.

खेळ असा होता. काळ्या पडद्यावर मधोमध एक तारा. तो सगळ्यांना स्वतःकडे ओढतो. तुमचं यान म्हणजे तीन रेघांचा त्रिकोण, याहून जास्त रेघा मला परवडत नव्हत्या. शत्रूच्या सात फळ्या एकामागून एक येतात. एका टाकीच्या इंधनात सातही फळ्या उडवायच्या. इंजिनाचं बटण दाबलं की यान सुटतं आणि बोट उचललं तरी जातच राहतं. अंतराळात हवा नाही, रस्ता नाही, घासायला काही नाही, मग ते थांबेल कशाने? थांबवायचं तर यान उलटं फिरवा आणि पुन्हा इंजिन मारा. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट आहे ही, मी काही पदरची घातलेली नाही.

पण सुट्टीतली पोरं यायची, बटण दाबून धरायची आणि अर्ध्या मिनिटात ताऱ्यावर जाऊन आपटायची. मग प्लायवूडला लाथ. “काका, कंट्रोल खराब आहे याचा.” नाचता येईना अंगण वाकडं! त्या रंगीत मशिनांतल्या गाड्या भिंतीवर आपटून परत रस्त्यावर येतात, ते चालतं. माझं यान खरं वागतं, ते खराब.

“महिपत, ब्रेक बसव ना एक,” बाबुराव म्हणायचा. “तुला काय जातंय?”

“माझं काही जात नाही. खेळाचं जातं.”

“गिऱ्हाइकाला आवडतं ते द्यावं माणसाने.”

“म्हणून तर उपाहारगृह बुडालं तुझं.”

हे बोलायला नको होतं. बाबुरावाचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. सगळी पोरं आमच्याकडे बघत होती. तो म्हणाला, “अक्षय तृतीयेला नवीन मशीन येतंय माझं, मोठ्या पडद्याचं. हा कोपरा मला मोकळा पाहिजे. तुझा हा खेळ कोणाच्या बापाला पूर्ण होणार नाही. तू स्वतः केलायस का रे पूर्ण?”

मी दांड्यावरची धूळ पुसायला लागलो. माझी मजल चौथ्या फळीच्या पुढे गेली नव्हती.

“बघा! बनवणाऱ्यालाच येत नाही!” बाबुरावाला जोर चढला. “चल, सगळ्यांसमोर शब्द देतो. अक्षय तृतीयेपर्यंत कोणीही, कोणीही रे, हा खेळ पूर्ण केला, तर तुझं मशीन इथून हलणार नाही. तू उचलशील तेव्हाच उचललं जाईल. नाहीतर त्या दिवशी हातगाडी घेऊन ये.”

आठ दिवस होते. घरी येऊन कलावतीला सांगितलं. कलावती माझी बायको, बालवाडीत शिकवते, आणि मोठ्या माणसांशीही त्याच आवाजात बोलते. तिचा भाऊ रघू, त्याचं डोंबिवलीला मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. कंपनी बंद पडल्यापासून त्याची एक खुर्ची माझ्यासाठी रिकामी होती. मला मिक्सरचा राग नाही. पण त्या खुर्चीत बसलो की मी पुन्हा काही बनवणार नाही, नुसतं दुसऱ्यांचं मोडलेलं जोडत बसेन, हे मला स्वच्छ दिसत होतं. कल्याणचा एक पार्लरवाला म्हणाला होता की तृप्तीत टिकलं तर मला असलीच दोन बनवून दे. सगळं त्या ‘टिकलं तर’वर होतं.

“मशीन तृप्तीत राहिलं तर मी रघूचं नाव काढणार नाही,” कलावती म्हणाली. “बाहेर पडलं तर दुसऱ्या दिवसापासून डोंबिवली. आणि तोवर एकही नवीन पार्ट घरात यायचा नाही. कबूल?”

“कबूल.”

“ब्रेक बसवलात तर?”

“ते नाही.”

“सुंभ जळला तरी पीळ जात नाही,” ती म्हणाली आणि भाताकडे बघायला गेली.

पहिले दोन दिवस मी पार्लरमध्ये ठाण मांडून बसलो. दिसेल त्या पोराला समजावलं, यान आधी वळव, मग इंजिन मार, घाई करू नको. दोघा-तिघांनी ऐकल्यासारखं केलं. एक जण दुसऱ्या फळीपर्यंत गेला आणि कंटाळून गाड्यांच्या मशीनवर गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात भांडण लागलं.

मनुबाई रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन तृप्तीच्या पायरीशी बसायची. चेंदणी कोळीवाड्यातली, पन्नाशीची, हातभर बांगड्या आणि आवाज असा की डेपोतला कंट्रोलरसुद्धा मागे वळून बघायचा. त्या दिवशी बाबुराव तिला म्हणाला, “ए मावशी, उठ इथून. वासाने गिऱ्हाईक आत येत नाही.”

“तुज्या दुकानात गिऱ्हाईक नाय, त्याला माजी मासली काय करंल?” ती पाटी खाली ठेवून सरळ आत आली. “दाव बरं मना, कुठं वास येतो तो. दाव!”

पोरं बाजूला सरकली. ती कमरेवर हात ठेवून एकेका मशीनसमोर थांबत गेली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“हितं कुनीच कसा नाय? बंद हाय?”

“बंद नाही,” मी म्हणालो. “जमत नाही कोणाला.”

“कंट्रोल खराब आहे मावशी त्याचा,” एक पोरगा ओरडला.

मला काय झालं कोण जाणे. मी खिशातलं नाणं टाकलं आणि म्हणालो, “बघा तुम्ही. हा दांडा वळवायचा, हे हिरवं दाबलं की पुढे जातं, लाल दाबलं की गोळी.”

तिने पदराला हात पुसले. हिरवं बटण दाबलं, सोडलं. यान सरकलं आणि सरकत राहिलं. आता सगळे जे करतात ते ही करणार, घाबरून पुन्हा दाबणार, असं मला वाटलं. तिने काहीच केलं नाही. दोन्ही हात उचलून नुसती बघत राहिली. यान ताऱ्याकडे ओढलं जाऊन वळायला लागलं तशी ती हसली.

“अरे, ही तं होडी हाय!”

“यान आहे, मावशी.”

“तू कायपन बोल. बोट काढलं तरी जातंय, मधी एक भोवरा हाय तो वढतोय. मिस्त्री, तू खाडीत होतास काय कवा?”

“मी मिस्त्री नाही, टेक्निशियन आहे,” मी म्हणालो. तिने ते ऐकलं नाही, पुढेही कधी ऐकलं नाही. पहिली फळी आली. मनुबाईला लाल बटणाचा अंदाज यायला वेळ लागला, पण यान तिने एकदाही ताऱ्यावर घातलं नाही. वळायच्या खूप आधी ती दांडा फिरवून ठेवायची आणि ओढीने यान आपसूक येईपर्यंत वाट बघायची. पहिल्याच खेळात दुसरी फळी उडवून ती तिसरीत मेली. बाहेर पाटीवर कावळा बसला होता, तिकडे तिचं लक्ष गेलं म्हणून.

तिने मग सांगितलं. तिचा बाप धाकू नाखवा खाडीत जाळी टाकायचा. भाऊ फार लहान होते, म्हणून आठ वर्षांची असल्यापासून वल्हं तिच्या हातात. पाण्याशी भांडायचं नाही, हे तिला बापाने मारून शिकवलं होतं. ओहोटी जिकडे नेते तिकडे आधी जायचं, आणि जाता जाता आपल्याला पाहिजे तिकडे तोंड फिरवून ठेवायचं. “आता खाडीत हाय काय? कंपन्यांच्या पान्यानं मासली मेली. आमी भाऊच्या धक्क्यावरनं आनून इकतो. तुज्या त्या खोक्यात खाडी बरी हाय, साफ हाय.”

मी तिला बाबुरावाचा शब्द सांगितला. अक्षय तृतीया, हातगाडी, डोंबिवली, सगळं. का सांगितलं माहीत नाही. तिने बाबुरावाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“पाच दिस हायेत,” ती म्हणाली. “पाटी खाली झाली का येते मी.”

आणि ती येत राहिली. पाटी रिकामी करून, नळावर हात-पाय धुऊन, केसातलं फूल नीट करून दुपारी एकच्या सुमारास ती मशीनसमोर उभी राहायची. आपलं नाणं आपणच टाकायची, माझं घ्यायची नाही. बाबुरावाने पहिल्या दिवशी उदबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी अख्खा पुडा लावला. मनुबाई त्याला म्हणाली, “लाव लाव, देवाला बी कलू दे हितं कोन आलंय ते.” मग बाबुराव मला बाजूला घेऊन म्हणाला की बटणांना वास लागतो. मी म्हणालो, ही बटणं चौदा वर्षं ग्रीस खाऊन जगलीत, सुरमईने मरणार नाहीत.

पोरं आधी फिदीफिदी हसायची. ‘मावशी ऑन द मून’ वगैरे. चौथी फळी पडली त्या दिवशी हसणं थांबलं. कारण चौथी मलाही जमली नव्हती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाचव्या फळीच्या दिवशी गाड्यांच्या मशीनसमोर कोणी नव्हतं. सगळे तिच्या मागे दाटीवाटीने उभे राहून, कोणी न सांगता, तिच्याबरोबर डावीकडे-उजवीकडे झुकत होते. शत्रूला मी नाव दिलं नव्हतं. तिने दिलं. लहान यानं म्हणजे ‘कावले’ आणि सहाव्या फळीपासून येणारं मोठं यान म्हणजे ‘डंपर’, कारण खाडीकिनारी भराव टाकायला डंपर येत होते आणि त्यांच्यावर तिचा वेगळा राग होता. “आला बघ मेला डंपर,” म्हणत ती लाल बटण असं दाबायची की बाजूचा टेलर हैराण व्हायचा. शेवटी त्याने दार उघडंच ठेवलं.

आणि मी? मी तिच्या डाव्या खांद्याशी उभा राहून बघायचो. वर्षभर मी एकट्याने जे आकडे वहीत लिहिले होते, ते ती हाताने वाचत होती. कोणीतरी माझं काम बरोबर वाचतंय, याचा आनंद किती असतो हे ज्याने काही बनवलंय त्यालाच कळेल. मी घरी येऊन कलावतीला रोज सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, “सातवी पडली का?”

अक्षय तृतीया उजाडली. सकाळीच नवीन मशीन टेम्पोतून आलं आणि गोणपाटात गुंडाळलेलं दारात उभं राहिलं. बाबुरावाने त्याला हारही घातला होता. मी हातगाडी आणली नव्हती. “एकपर्यंत थांब,” मी म्हणालो. “शब्द दिवसाचा आहे, सकाळचा नाही.”

मनुबाई साडेबारालाच आली. सणाची पाटी लवकर संपली होती की तिने तशीच आणली होती, माहीत नाही. नवं लुगडं नेसली होती. तिने कोणाशी काही न बोलता नाणं टाकलं.

पहिल्या पाच फळ्या तिने बोलत बोलत उडवल्या. सहावीत एक गोळी यानाला चाटून गेली आणि ती गप्प झाली. सातवी आली तेव्हा टाकी तळाला गेली होती. चार कावळे आणि एक डंपर. कावळे तिने एकेक करून घेतले, पण शेवटच्याला चुकवताना इंजिन जरा जास्त लागलं, आणि टाकीचा काटा शून्यावर आला. डंपर ताऱ्याच्या पलीकडे शाबूत होता.

“गेलं,” कोणीतरी म्हणालं. बाबुरावाने टेम्पोवाल्याला हात केला.

मनुबाईने हिरव्या बटणावरचा हात काढून घेतला. “आता वल्हं नाय लागत,” ती स्वतःशीच बोलली. “ओहोटी नेल.”

यान ताऱ्याकडे पडत चाललं होतं. तिने फक्त दांडा फिरवला, यानाचं तोंड उलटं केलं आणि थांबली. यान ताऱ्याला घासून गेलं, ओढीने गरकन फिरलं, आणि त्याच वेगात बाहेर फेकलं गेलं ते डंपरच्या समोरून. पाठमोरं जाता जाता त्याचं तोंड बरोबर डंपरकडे होतं. तिने लाल बटण तीनदा दाबलं. बेल तीनदा वाजली. डंपरचे ठिपके ठिपके झाले.

पोरांनी जी आरोळी ठोकली ती डेपोत ऐकू गेली असणार. टेलरच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

तारा गेला, यान गेलं, ठिपके गेले. काही येईना. बटण दाबून काही होईना.

“हँग झालं,” बाबुराव म्हणाला, आणि त्याचा आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला. “बघितलंत? मी काय सांगत होतो? खराब मशीन आहे. हे काही पूर्ण झालं म्हणता येणार नाही. पूर्ण झालं तर काहीतरी दिसायला पाहिजे ना!”

मनुबाई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा घामाने थबथबला होता. “मिस्त्री, फुडं काय हाय?”

वायर सुटली असेल, असं मला सहज म्हणता आलं असतं. मशीनचं मागचं झाकण उघडून दहा मिनिटं स्क्रू फिरवत बसता आलं असतं. पण त्या बाईने माझ्या यानाशी एकदाही खोटेपणा केला नव्हता.

“पुढे काही नाही,” मी म्हणालो. “मी बनवलंच नाही.”

“म्हंजी?”

“सातव्या फळीनंतर चिप कोरी आहे. शेवट मी लिहिलाच नाही.” सगळे ऐकत होते. “मला वाटलं नव्हतं की कोणी तिथवर जाईल.”

ती म्हणाली, “मंग तू बी त्यांच्यातलाच रं.”

बाबुरावाने मला वर्षभरात जे काही ऐकवलं त्यातलं एकही मला लागलं नव्हतं. हे लागलं. कारण खरं होतं. आठ दिवस मी जगाला सांगत होतो की खेळ पूर्ण होतो, आणि माझ्याच वहीत मी उलटं लिहून ठेवलं होतं.

“चला, उचला,” बाबुराव टेम्पोवाल्याला म्हणाला.

“हात लावून बग!” मनुबाई गर्रकन फिरली. “बाबुराव, तू काय बोललेलास? खेल पुरा केला तं मशीन हलनार नाय. फुडं फोटू दिसंल का नाय दिसंल, ह्ये बोललेलास? एक बी कावला उरलाय काय? डंपर उरलाय काय? दाव मना!”

“अगं पण मावशी, शेवट...”

“शेवट त्यानं नाय केला. खेल मी केला.”

“केला ना काका तिने,” मागून एक पोरगा म्हणाला. हाच तो, पहिल्या दिवशी कंट्रोल खराब आहे म्हणून ओरडणारा. मग दुसरा म्हणाला. मग सगळेच म्हणायला लागले, आणि टेलरचा म्हातारा दारातून म्हणाला, “बाबुराव, सणाचा दिवस आहे, शब्द फिरवू नका.” सणाचं नाव निघालं तसा बाबुराव नरमला. अक्षय तृतीयेला जे कराल ते टिकतं म्हणतात, आणि दुकानदाराला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “राहू दे. पण बंद पडलेलं मशीन मी किती दिवस ठेवू?”

“आठ दिवस,” मी म्हणालो. “शेवट लिहून आणतो.”

नवं मशीन आठ दिवस दारातच, तोंड भिंतीकडे करून, हारासकट उभं राहिलं.

चिपवर नवं लिहायचं तर आधी जुनं सगळं पुसावं लागतं, आणि पुसायचा निळा दिवा कंपनीत होता, सीलच्या आत. नवी चिप आणायची नाही हा कलावतीला दिलेला शब्द. मग एकच उपाय उरला. चिपच्या पाठीवर नखाएवढी काच असते. तिच्यावरचं कागदाचं लेबल काढून तिला आठ-दहा दिवस कडक ऊन दाखवलं तर ती पुसली जाते, असं टेस्टिंगमध्ये म्हणायचे. आमच्या खोलीला ऊन अर्धा तास येतं. मी मनुबाईकडे गेलो. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण तिने ऐकून घेतलं. कोळीवाड्यात तिच्या दारासमोर पावसाळ्याच्या बेगमीचा जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, वाळत घातला होता. तिने चटईच्या कडेला जवळा हाताने बाजूला सारून बोटभर जागा केली.

“ठेव हितं,” ती म्हणाली. “मी कावल्यांवर नजर ठेवतेच हाय.”

मी रोज संध्याकाळी चिप न्यायला आणि सकाळी ठेवायला जायचो. तिसऱ्या दिवशी विचारलं, “मावशी, शेवटी काय दाखवू? अभिनंदन वगैरे?”

“अभिनंदन कशाला? मी का परीक्षेला बसलेली?” ती जवळा वरखाली करत होती. “होडी घराला येव दे.”

“घर?”

“सात फल्या मारल्या, टाकी खाली झाली, आता ती बाई जानार कुठं? तशीच फिरत ऱ्हानार काय काल्यात? ह्यो कसला खेल रं तुजा! धक्का दाव. धक्क्याला लागू दे.”

“पण थांबणार कशी?” मी म्हणालो. “ब्रेक नाही, इंधनही संपलेलं. आणि ब्रेक मी...”

ती इतकी हसली की शेजारची बाई बाहेर आली. “होडीला तरी कुठं असतो बिरेक? धक्क्यावर मानूस उभा असतो. दोर फेकायचा. त्यो धरतो.” मग म्हणाली, “माजी आय ऱ्हायची उभी. बापाला नि मना बगून शिव्या देत देत दोर धरायची. रोज. वेल चुकली नाय कवा तिची.”

मला कलावती आठवली, आणि रोजचं ‘सातवी पडली का’ आठवलं. लाज वाटली. थोडी नाही, बरीच.

नवव्या दिवशी चिप बसवली तेव्हा तिला जवळ्याचा वास येत होता. बाबुरावाने या वेळी उदबत्ती लावली नाही. कलावती बालवाडी सुटल्यावर सरळ तृप्तीत आली होती आणि पर्स छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती. मनुबाई दोनदा मेली, एकदा सहावीत, एकदा सातवीत, आणि दोन्ही वेळा मला शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा डंपर फुटला.

या वेळी पडदा काळा झाला नाही. यान वाहत वाहत पुढे आलं. खालून एक आडवी रेघ आली, तो धक्का. त्यावर सोळा ठिपक्यांचं एक माणूस. यानातून एक रेघ सुटली, त्या माणसाने हात वर केले, रेघ ताणली गेली, आणि यान हळूच वळून धक्क्याला टेकलं. ‘झुंज’मध्ये पहिल्यांदाच एखादी गोष्ट थांबली होती.

बाबुराव पुढे वाकून बघत होता. “बसवलास ना शेवटी ब्रेक!” तो म्हणाला.

“ब्रेक नाही,” मी म्हणालो. “माणूस आहे.”

मनुबाई पडद्याला नाक लावून त्या ठिपक्यांकडे बघत होती. “बाई हाय का बाप्या?”

“सोळा ठिपक्यांत कळत नाही, मावशी.”

“मना कलतं,” ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून मशीनसमोरून बाजूला झाली. “चल. आता तू खेल.”

“मी? मला चौथीच्या पुढे...”

“ठाव हाय. म्हनून तं.”

मी नाणं टाकलं. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला पर्स धरलेली कलावती. मी घाई केली, इंजिन जास्त मारलं आणि चौथ्या फळीत मेलो. मनुबाईने माझ्या हातावर चापट मारली, अगदी तिच्या बापाने मारली असेल तशी, आणि म्हणाली, “पुना.” मी खिसा चाचपला, नाणं नव्हतं. कलावतीने पर्स उघडून माझ्या हातावर नाणं ठेवलं. डोंबिवलीला रघूचं दुकान त्या दिवशी माझ्याशिवाय उघडलं होतं, आणि पुढेही माझ्याशिवायच उघडत राहिलं.